गोळी आधी की आवाज आधी? एक अनावश्यक मीमांसा

पन्नास मीटर अंतरावर एक लक्ष्य लावले आहे. इकडे कोणी तरी .२२ बोअरच्या रायफलीचा चाप ओढला. हवेचे तापमान वीस अंश सेल्सिअस. नळीच्या तोंडाशी झालेला बार लक्ष्यापर्यंत ०.१४६ सेकंदात पोहोचतो. स्पर्धेच्या काडतुसातली गोळी पोहोचते सुमारे ०.१५८ सेकंदात. आवाज लक्ष्याच्या दारात येऊन उभा राहतो, तेव्हा गोळी अजून चार मीटर मागे असते. फरक बारा सहस्रांश सेकंदांचा. पापणी लवायलासुद्धा याच्या दहापट वेळ लागतो. या बारा सहस्रांशांवर मराठीत स्वतंत्र प्रबंध झालेला नाही, आणि तो व्हावा असा ठराव कोणत्या साहित्य संमेलनात झाल्याचेही ऐकिवात नाही. ज्ञानाच्या क्षेत्रातली ही पोकळी कोणालाच जाणवत नसल्यामुळे ती भरून काढणे अधिक निकडीचे झाले आहे.

मीमांसकांच्या पद्धतीत अधिकरणाला पाच अंगे लागतात: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि संगती. विषय वर येऊन गेला. संशय असा, की माणसाने कित्येक शतके गोळी अधिक वेगाने कशी जाईल याचा ध्यास घेतला. ती आवाजाच्या पुढे धावू लागली, तिच्या वेगाचे पोवाडे झाले. आणि मग तिला मुद्दाम पुन्हा आवाजाच्या मागे आणून बसवले, यात शहाणपण कोणते? पूर्वपक्ष म्हणतो, काहीही नाही. उत्तरपक्ष म्हणतो, थोडेसे आहे. संगती लागेलच अशी हमी प्रस्तुत लेखक देत नाही.

प्रथम परिभाषा. काडतुसात पितळी कोश, दारू, ती पेटवणारा मसाला आणि टोकाला बसवलेली गोळी, इतके जिन्नस असतात. उडते ती एकटी गोळी. .२२ लाँग रायफल नावाच्या काडतुसात हा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून त्याला रिमफायर म्हणतात. त्याच्या गोळीचे वजन बहुधा ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम, सोनाराच्या मापात एकवीस गुंजा. एकवीस गुंजा शिसे ताशी हजार-बाराशे किलोमीटर वेगाने पाठवणे हा सगळा प्रकार आहे, हे वाचकाने पुढील विवेचनात विसरू नये. लेखक अधूनमधून विसरणार आहे.

आवाजाच्या मागे राहते ती सबसॉनिक आणि पुढे धावते ती सुपरसॉनिक, इथवर सोपे आहे. घोटाळा 'स्टँडर्ड'पाशी होतो. मोठ्या रायफलींच्या जगात स्टँडर्ड काडतूस म्हणजे आवाजाच्या दुपटी-अडीचपटीने जाणारे; तिथे सबसॉनिक हा मुद्दाम जन्माला घातलेला अपवाद. .२२च्या जगात मात्र 'स्टँडर्ड व्हेलॉसिटी' असे ज्या पेटीवर छापलेले असते, त्यातली गोळी सेकंदाला ३२६ मीटरच्या आसपास जाते, म्हणजे ती मुळातच सबसॉनिक. तिथे 'हाय व्हेलॉसिटी' हा अपवाद, आणि तो साधारण ३८० मीटरवर जातो. एका घरची रीत ती दुसऱ्या घरची थेरं. तेव्हा 'सबसॉनिक आणि स्टँडर्ड यांत चांगले कोणते?' असा प्रश्न कोणी केल्यास आधी 'कोणाच्या घरातले?' असे विचारावे. समोरचा निघून जाण्याची शक्यता आहे. पण वाद जिंकल्याचे समाधान राहते.

आता पूर्वपक्ष. तो आकड्यांनी बोलतो, आणि त्याचे आकडे दणकट आहेत. ७.६२ मिलिमीटरचे लष्करी काडतूस घ्या. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासून आणि जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना १९६०च्या दशकापासून रायफलींच्या ज्या काडतुसांवर चालत आले, ती याच वेगवान कुळातली. गोळी साडेनऊ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ८४० मीटर, अंगातली ऊर्जा सुमारे ३,३५० ज्यूल. तिचीच सबसॉनिक बहीण करायची तर वेग ३२० मीटरवर आणावा लागतो. वेग गेला म्हणून वजन वाढवतात, गोळी तेरा ग्रॅमची करतात. तरीही ऊर्जा भरते जेमतेम ६६० ज्यूल. वजन तिसऱ्या हिश्शाने वाढवूनही पाचातले चार हिस्से गेले. कारण ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत; वेगाने केलेली उधारी वजन फेडू शकत नाही.

पुढे गुरुत्वाकर्षण आहे. ते कोणत्याही गोळीला सवलत देत नाही. फक्त हवेत जास्त वेळ रेंगाळणाऱ्याला जास्त खाली ओढते. दोनशे मीटर जाईपर्यंत वेगवान गोळी नळीच्या रेषेपासून साधारण ३३ सेंटीमीटर उतरते. सबसॉनिक गोळी उतरते दोन मीटरहून जास्त. म्हणजे पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर मारायचे तर नळीचे तोंड त्याच्यामागच्या झाडाच्या फांदीकडे. बरे, फांदी तरी अचूक निवडावी लागते. दोनशे मीटरचे अंतर दहा मीटरने चुकीचे आजमावले, तर वेगवान गोळी दोनेक सेंटीमीटरने वरखाली होते. संथ गोळी दहा-अकरा सेंटीमीटरने. अंतर डोळ्यांनी आजमावताना दहा मीटर चुकणे हे काही पाप नाही. पण संथ गोळी त्याचा हिशेब ठेवते.

पूर्वपक्षाचा तिसरा आक्षेप यंत्राच्या बाजूने येतो. स्वयंचलित रायफल गोळीमागच्या वायूचा थोडा अंश चोरून पुढचे काडतूस आत ओढते. संथ काडतुसात चोरण्याजोगे फारसे नसते, त्यामुळे अशी रायफल एक गोळी झाडून हात वर करते. त्यात वजनदार गोळी लांबही असते, आणि लांब गोळीला स्थिर ठेवायला नळीतले आटे अधिक पिळाचे लागतात. पीळ कमी पडला तर गोळी हवेत आडवी होते आणि लक्ष्यावर आपल्या आकाराचे लांबट भोक पाडून जाते. म्हणून या कामासाठी काडतुसेच नवी काढावी लागली. २०११ साली अमेरिकेत '.३०० ब्लॅकआउट' अधिकृत झाले: एकाच रायफलीतून चौदा ग्रॅमची गोळी आवाजाच्या मागे आणि आठ ग्रॅमची गोळी आवाजाच्या दुपटीच्या जवळ, अशी दुहेरी सोय. सोव्हिएत संघाने ती तडजोडही केली नाही. १९८०च्या दशकात त्यांनी ९×३९ मिलिमीटरचे काडतूस आणि त्याच्यासाठी वेगळ्या बंदुकाच केल्या. सोळा ग्रॅमची गोळी, वेग तीनशे मीटरच्या आत. ब्रिटिशांनी त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात, याहून सरळ वाट धरली होती. ली-एनफिल्ड रायफलीच्या सांगाड्यावर त्यांनी .४५ पिस्तुलाचे काडतूस बसवले, कारण ते जन्मतःच आवाजाहून संथ. डी लाइल कार्बाइन ती हीच. अस्तित्वात असलेला आळस कामाला लावणे हे नवा आळस शोधून काढण्यापेक्षा केव्हाही स्वस्त, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इतके सगळे गमावून मिळते काय? एक 'काड्' मिळत नाही.

हा उत्तरपक्ष. तो लहान दिसतो, पण त्याच्यामागे एक मोठा माणूस उभा आहे. फ्रान्स आणि प्रशिया यांच्या १८७०-७१च्या युद्धात जखमा इतक्या भयंकर दिसल्या, की शत्रू स्फोटक गोळ्या वापरतो असा संशय उठला. गोळीपुढे दाबली जाणारी हवाच हे करत असावी, असा एक तर्क निघाला. त्याचा छडा लावायला प्रागमधल्या भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माखने फ्यूमच्या नौदल अकादमीतल्या पीटर साल्करला हाताशी धरले, आणि साल्करने १८८६मध्ये उडत्या गोळीचे छायाचित्र काढले. चित्रात गोळीच्या नाकापासून मागे फाकत गेलेली एक रेघ होती: दाबलेल्या हवेचा शंकू. शोधनिबंध १८८७ साली प्रसिद्ध झाला. त्याच साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये स्टीव्हन्स कंपनीने .२२ लाँग रायफल काडतूस बाजारात आणले. एका माणसाने आवाजापुढे गेल्यावर काय होते ते दाखवले आणि दुसरीकडे, आवाजाच्या मागे राहून ज्याचे सर्वाधिक भले व्हायचे होते, ते काडतूस जन्माला आले. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तरी अशा योगायोगाची नोंद न करता पुढे जाणाऱ्याला प्रबंधकार म्हणता येत नाही.

या शंकूविषयी एक लोकभ्रम आहे. गोळी आवाजाची भिंत 'फोडते' त्या क्षणी एकदाच मोठा आवाज होतो, असे भल्याभल्यांना वाटते. तसे नाही. गोळी आवाजाहून वेगात आहे तोवर शंकू तिच्याबरोबर अखंड चाललेला असतो, आणि वाटेत जो कोणी उभा असेल त्याच्या कानावरून तो सरकला की त्याला 'काड्' ऐकू येते. प्रत्येकाचा काड् वेगळा, प्रत्येकाच्या वेळेवर. नळीच्या तोंडचा 'धाड्' मागाहून येतो. जुने सैनिक या काड् आणि धाड् यांच्यामधल्या वेळेवरून गोळीबार किती दूरवरून होतो आहे ते ओळखतात. नवखा काड्च्या दिशेने मान वळवतो आणि चुकीच्या झाडाकडे बघत राहतो, कारण काड् बाजूने येतो, बंदुकीकडून नव्हे.

इथे एक स्थानिक दाखला नोंदवणे कर्तव्य आहे. आवाजाहून वेगात जाणारी मानवनिर्मित वस्तू म्हटली की लोक विमानाचे किंवा बंदुकीचे नाव घेतात. चाबकाचा कडाका हाही त्याच जातीचा धक्का असतो, हे भौतिकशास्त्र्यांनी वेगवान छायाचित्रणाने पाहून ठेवले आहे. चाबूक टोकाकडे निमुळता होत जातो, लाट कमी कमी वस्तुमानात शिरते आणि तिचा वेग वाढत वाढत आवाजाला ओलांडतो. तेव्हा कडकलक्ष्मीबरोबर दारोदार हिंडून आसूड कडाडवणारा पोतराज दारू आणि पितळ यांवाचून हे काम पिढ्यान् पिढ्या करत आला आहे. त्याच्या आसुडाची सबसॉनिक आवृत्ती काढावी असे मात्र कोणाला सुचले नाही. आवाज न करणारा आसूड घेऊन दारात आलेल्या पोतराजाला पसाभर जोंधळे कोण घालणार?

आता कोणी शंका घेईल की गोंगाटच नको असेल तर बंदुकीला सायलेन्सर लावावा. गोळीला कशाला छळता? शंकेचा इतिहास रंजक आहे. हायरम मॅक्सिम यांनी मशीनगन शोधली आणि तिच्या चाचण्या घेता घेता आपली श्रवणशक्ती घालवली. त्यांचे चिरंजीव हायरम पर्सी मॅक्सिम यांना १९०९ साली सायलेन्सरचे पेटंट मिळाले. वडील बहिरे झाल्यावर मुलाने बंदूक गप्प करावी, यात उशीर झाला असे म्हणता येईल, पण हेतूवर बोट ठेवता येत नाही. (याच चिरंजीवांनी पुढे हौशी रेडिओवाल्यांची संघटना स्थापन करून हजारो माणसांना रात्र रात्र बोलते केले, एकंदर आवाजाचा हिशेब घराण्याने सारखा राखला.) पण सायलेन्सर काय करतो, तर नळीच्या तोंडातून भसकन बाहेर पडणाऱ्या वायूला आडवळणाने फिरवून थंड करतो. म्हणजे तो धाड्ला आवर घालतो. काड् नळीबाहेर, वाटेवर, गोळीच्या नाकाशी तयार होत असतो. तिथे सायलेन्सरचा हात पोहोचत नाही. काड् बंद करण्याचा उपाय एकच: गोळीने आवाजाच्या मागे राहावे. आणि तेवढे करूनही धाड् आपल्या जागी असतोच. चित्रपटांतला तो 'फुस्' आवाज ऐकून मत बनवणाऱ्यांनी ही दोन्ही वाक्ये पुन्हा वाचावीत.

नैयायिकांनी या विषयात लक्ष घातले असते तर आज काम सोपे झाले असते. शब्द कानापर्यंत कसा येतो यावर त्यांच्यात दोन मते आहेत. पाण्यातल्या लाटांसारखा एकापुढे एक येतो, हा वीचीतरंगन्याय. कदंबाच्या कळीसारखा एकाच वेळी सर्व दिशांनी फुटतो, हा कदंबमुकुलन्याय. सबसॉनिक गोळी दोन्ही न्यायांना निमूटपणे मान देते. तिच्या आवाजाची वर्तुळे तिच्या पुढे जातात, समोरच्या बाजूला थोडी दाटतात, मागच्या बाजूला विरळ होतात, पण गोळी स्वतः आतच राहते. सुपरसॉनिक गोळीपाशी दोन्ही न्याय अडतात. बोलणारा आपल्याच शब्दांच्या पुढे पळतो आहे, त्यामुळे त्याच्यापुढे ना लाट ना कळी. सगळे साठून मागे एक शंकू. असा वक्ता प्राचीनांच्या पाहण्यात नसावा. आपल्या सार्वजनिक जीवनात तो विपुल आहे.

धनुर्विद्येत 'शब्दवेधी' बाण सांगितला आहे. दशरथाने तो सोडला, घागर बुडण्याच्या आवाजावर, आणि श्रावणाचा अंत झाला. धनुष्यातून सुटलेल्या बाणाचा वेग आवाजाच्या एक पंचमांशाच्या आसपास, तेव्हा सर्व शब्दवेधी बाण सबसॉनिक होते असा निर्णय देता येतो. आवाज ऐकला हे खरे. आवाज कोणाचा हे पाहिले नाही. वेग वाढवून त्यात काही सुधारले असते असे वाटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, कारण तो वर सांगितला त्याहून अवघड आहे. स्पर्धेच्या संथ गोळीपुरते उत्तर ठरलेले: आवाज आधी. लष्करी गोळीचे उत्तरही ठरलेले: गोळी आधी, आणि हजार मीटरवरसुद्धा गोळीच आधी. खरी गंमत मधल्या .२२ हाय व्हेलॉसिटी गोळीची आहे. ती निघते ३८०च्या वेगाने, आवाजापुढे. पण २.६ ग्रॅमच्या बोथट नाकाच्या गोळीला हवा फार वेळ टिकू देत नाही. चाळीस-पंचेचाळीस मीटरवर तिचा वेग आवाजाइतका होतो आणि पुढे त्याच्या खाली उतरतो. म्हणजे पन्नास मीटरवर ती अजून आवाजाच्या पुढे आहे, पण आता ती आवाजाहून संथ आहे. कमावलेल्या आघाडीवर जगते आहे. बार मात्र मागून आपल्या ठरलेल्या चालीने येतोच आहे. ढोबळ हिशेबाने नव्वद मीटरच्या आसपास तो तिला गाठतो. तिथून पुढे आवाज आधी. ससा-कासवाच्या गोष्टीला इतके नेमके भौतिक प्रमाण दुसरीकडे मिळणे कठीण, आणि इथे सशाला झोपही लागलेली नाही. नव्वद मीटरवरच्या त्या बिंदूत गोळी आणि तिचा शब्द यांचे अद्वैत होते. तिथे उभे राहून प्रचीती घेण्याची शिफारस हा प्रबंध करीत नाही.

या गोळीची दुसरी करामत वाऱ्यातली. साधी समजूत अशी, की जी गोळी लवकर पोहोचते तिला वारा कमी ढकलतो. .२२मध्ये हे उलटे होते. शंभर मीटरच्या आतबाहेर, आडव्या वाऱ्यात, हाय व्हेलॉसिटी गोळी स्टँडर्ड गोळीपेक्षा जास्त सरकते. सेकंदाला साडेचार मीटरच्या वाऱ्यात तीनेक सेंटीमीटर जास्त. कारण वारा गोळीला किती हलवतो हे ती हवेत किती वेळ होती यावर ठरत नाही. हवेमुळे तिचा किती वेळ वाया गेला यावर ठरते. निर्वात पोकळीत लागला असता तो वेळ वजा करा, उरतो तो वाया गेलेला वेळ. आवाजाच्या वेगाच्या जवळपास हवेचा विरोध एकदम चढतो, आणि ३८०ने निघालेली गोळी नेमकी त्या चढात धडपडत असते. तिचे वाया जातात सुमारे २८ सहस्रांश सेकंद. ३२६ने निघालेलीचे २१. घाई करून जास्त वेळ वाया घालवणे ही गोष्ट मुंबई-पुणे रस्त्याने प्रवास करणाऱ्यांना समजावून सांगावी लागत नाही. शिवाय आवाजाच्या वेगातून खाली उतरताना गोळी डळमळते, आणि नेमबाजाला डळमळणारी गोळी नको असते. आवाजाच्या खालीच निघालेली गोळी ही उतरण कधी उतरतच नाही. सबसॉनिक काडतुसाची खरी थोरवी इथे आहे असे आमचे ठाम मत आहे. शांतता हा त्याचा बोलबाला झालेला गुण. खरा गुण अचूकपणा.

याला पुरावा कोल्हापूर. पन्नास मीटर रायफलीचा खेळ याच संथ काडतुसांवर चालतो. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, आणि गोळी ५.६ मिलिमीटरची, वर्तुळात गोळी ठेवल्यावर दोन्ही बाजूंना उरते ती जागा नखाएवढी नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१०मध्ये म्युनिकला प्रोन, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या, प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकच्या शातरू इथल्या रेंजवर, तीन पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेतले. या स्तरावरच्या काडतुसांची निवड हा स्वतंत्र पुराणाचा विषय आहे. एकाच कारखान्यातली, एकाच नावाची, एकाच किमतीची काडतुसे. पण आज भरलेला लॉट आणि पुढच्या महिन्यात भरलेला लॉट एकाच नळीतून सारखे जात नाहीत. मग नेमबाज आपली रायफल घेऊन बर्मिंगहॅमला एली किंवा जर्मनीत शेनेबेकला लापुआ या काडतूस कंपनीच्या चाचणीकेंद्रात जातात. रायफल शिकंज्यात आवळतात, एकामागून एक लॉट झाडून बघतात आणि ज्याच्याशी गोत्र जुळते तो लॉट पेट्यांच्या पेट्या उचलतात. पत्रिका पाहून ठरवलेली लग्ने इतक्या खात्रीने जमवल्याचे आढळत नाही.

गोळी आधी की आवाज आधी, याचे सोयरसुतक कोणाला आहे, असा प्रश्न राहिला. कागदाला कान नाहीत, हे बराच काळ पुरेसे उत्तर होते. मग इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये आली, आणि त्यांतल्या अनेकांना कान आहेत. कोपऱ्यांत मायक्रोफोन बसवलेले असतात. गोळी कुठून गेली ते आवाज प्रत्येकापर्यंत किती वेळाने पोहोचला त्यावरून काढतात. सुपरसॉनिक गोळीसाठी हे लक्ष्य उघडे चालते, कारण तिचा काड् ऐकून मायक्रोफोन काम भागवतात. सबसॉनिक गोळीला काड् नाही. ती मायक्रोफोनसमोरून गेली तरी हजेरी लागत नाही. म्हणून तिच्यासाठी लक्ष्याची बंद पेटी करतात, पुढे-मागे रबराचा पडदा ताणतात. गोळी पडदा भोसकते तो आवाज पेटीत घुमतो आणि मायक्रोफोनना कळतो. मौन पाळणाऱ्याला ओळखायला त्याच्या वाटेत पडदा लावावा लागला. आणि बारा सहस्रांश आधी येऊन पोहोचलेला बार या पेटीबाहेर बराचसा अडतो, त्यामुळे लक्ष्याला गोळी येण्याआधीच ती आल्याचा भास होत नाही. आमच्या बारा सहस्रांशांना अखेर एक श्रोता मिळाला.

संगती मात्र लागत नाही, आणि त्याला तापमान जबाबदार आहे. आवाजाचा वेग हवेच्या दाबावर ठरत नाही, तापमानावर ठरतो. शून्य अंशाला ३३१ मीटर, आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरची भर. महाबळेश्वरला आवाज वाईपेक्षा जरा सावकाश चालतो तो उंचीमुळे नव्हे, थंडीमुळे. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर डिसेंबरच्या सकाळी दहा अंशाला तो ३३७, एप्रिलच्या दुपारी चाळीस अंशाला ३५५. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशाला, ३५७च्याही पुढे. लेहमध्ये जानेवारीच्या पहाटे, उणे पंधराला, फक्त ३२२. आता कारखान्याने ३३० मीटरला बांधलेले एखादे काडतूस घ्या. चंद्रपुरात ते निःसंशय सबसॉनिक. पुण्यातही सबसॉनिक, पण डिसेंबरात अगदी काठावर. लेहला तेच काडतूस, तीच पेटी, तोच लॉट, आवाजाच्या पुढे धावून चारचौघांत काड् करतो. (थंडीत दारूही किंचित मंदावते, त्यामुळे सामना आणखी चुरशीचा होतो.) उलट हाय व्हेलॉसिटीवाली चंद्रपूरच्या उन्हात पंचवीसेक मीटर जाते न जाते तोच आवाजाच्या खाली येते. म्हणजे ज्या भेदावर हा सगळा प्रबंध उभा केला तो गोळीला जन्माने मिळत नाही. प्रत्येक गावी, प्रत्येक ऋतूत तो नव्याने ठरतो. पेटीवर मात्र 'सबसॉनिक' एवढेच छापतात. कुठल्या गावी आणि कुठल्या महिन्यात, ते छापत नाहीत.